लोणारहून बर्लिनची नोकरी

घरबसल्या परदेशी कंपनीत सॉफ्टवेअरचं काम शोधणाऱ्या लोणारच्या मुलाची स्पर्धा फक्त पुण्याशी नसते. लागोस, मनिला, क्राकोवशीही असते. या स्पर्धेत पदवीपेक्षा काम बोलतं: गिटहबवरच्या एखाद्या मुक्त प्रकल्पात दुरुस्त केलेली चूक आणि ती समजावणारी चार स्वच्छ इंग्रजी वाक्यं.

घड्याळही बघावं लागतं. उन्हाळ्यात बर्लिन आपल्या साडेतीन तास मागे, सॅन फ्रान्सिस्को साडेबारा. सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे 9 वाजतात, तेव्हा लोणारात रात्रीचे साडेनऊ. वीज गेली तर इन्व्हर्टर, ब्रॉडबँड बंद पडलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट हाताशी हवाच.

करार नीट वाचा. बरेचदा तुम्ही कर्मचारी नसून कंत्राटदार असता. मग पीएफ नाही, पगारी रजा नाही, कर स्वतःच भरायचा. आणि नोकरीसाठी आधी ‘डिपॉझिट’ मागणारा दिसला, की तिथूनच मागे फिरा.