शुश्रूषेचे उत्तरदायित्व

मुळशी तालुक्यात भूगाव, भुकूम, पिरंगुट या पट्ट्यात पुण्याची निवृत्त मंडळी घरे बांधून राहू लागली, त्यास आता बराच काळ लोटला आहे. मुले दूरदेशी, घरात दोन वृद्ध जीव आणि त्यांच्या उशाशी कोणत्या तरी ब्यूरोने पाठविलेली एखादी मुलगी, हे चित्र इकडे मुळीच नवे नाही. त्या मुलीस घरातील सर्वजण 'सिस्टर' म्हणतात. या एका शब्दात केवढे उत्तरदायित्व साठविलेले आहे, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. गेल्या पावसाळ्यात शेजारी घडलेल्या एका प्रसंगाने तो विचार करणे आम्हांस भाग पाडले.

शेजारच्या आजींना मधुमेह. इन्शुलिन पुष्कळ वर्षांपासून चालू. डॉक्टरांनी औषध बदलले आणि 'सकाळी १० युनिट' असे कागदावर स्वच्छ लिहून दिले. चिरंजीवांनी पुण्याहून नवी कुपी आणली. सिरिंजा मात्र घरात होत्या त्याच राहिल्या. जुन्या कुपीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट इन्शुलिन होते, नव्या कुपीत १००. या दोहोंसाठी सिरिंजा निराळ्या असतात. ४० च्या सिरिंजेचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजेचे नारिंगी. मुलीने नेहमीच्या लाल टोपणाच्या सिरिंजेत १० च्या रेघेपर्यंत औषध भरले. गणित शाळकरी आहे: भरलेले औषध पाव मिलिलिटर झाले, म्हणजे १० च्या जागी २५ युनिट शरीरात गेले. काही वेळाने आजींना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध होऊ लागले. काही तरी चुकले आहे हे त्या मुलीनेच प्रथम ओळखले. आजी शुद्धीवर होत्या, तोच तिने त्यांस साखरेचे पाणी पाजले व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविली. ईश्वरकृपेने आजी वाचल्या.

सायंकाळी घरात एकच गहजब झाला. चिरंजीव म्हणाले, "तू सिस्टर ना? तुला एवढेही कळू नये?" मुलगी रडत म्हणाली, "दादा, कागदावर दहा लिहिले होते. मी दहाच दिले." या उत्तरावर काय बोलावे हे आम्हांस सुचेना; कारण ते अक्षरशः खरे होते, आणि तरीही चूक घडली होती.

मग दोष कोणाचा? आपल्या आयुर्वेदाने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. परिचारकाच्या ठिकाणी चार गुण अपेक्षिले आहेत: उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता. ज्ञानाचा उल्लेख येथे अनुरागाच्याही आधी आला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नुसता मायाळूपणा पुरेसा नाही. शिवाय परिचारक हा वैद्याचा हात नव्हे, तो एक स्वतंत्र पाद आहे. खाटेचा प्रत्येक पाय आपला भार आपणच वाहतो, तसाच हा प्रकार होय.

आजच्या कायद्याची दृष्टीही याहून फारशी वेगळी नाही. समान शिक्षण घेतलेली एखादी सामान्य कुशल परिचारिका जेवढी काळजी घेईल, तेवढी प्रत्येकीने घेतलीच पाहिजे, अशी ही कसोटी आहे. 'डॉक्टरांनी सांगितले म्हणून दिले' हे उत्तर सर्वत्र तारीत नाही. आज्ञा अस्पष्ट असेल किंवा उघड चुकीची दिसत असेल, तर थांबून विचारणे हे परिचारिकेचे कर्तव्यच आहे. औषध कोणते, किती, कोणास, कोणत्या मार्गाने व केव्हा दिले, याची नोंद त्याच वेळी करणे हेही कर्तव्य. न्यायालयात पुढे साक्ष देते ती बहुधा ही नोंदच.

तथापि परिचारिकेची चूक सिद्ध झाली म्हणजे तिला नेमणारा मोकळा सुटतो, असे मात्र नाही. १९९३ च्या डिसेंबरात दिल्ली येथील स्प्रिंग मेडोज रुग्णालयात विषमज्वराने आजारी असलेल्या एका बालकास परिचारिकेने भलतेच इंजेक्शन शिरेतून दिले. बालक तत्काळ कोसळले, आणि मेंदूस झालेली इजा कायमची ठरली. ती परिचारिका कोणत्याही राज्याच्या परिषदेकडे नोंदलेली नव्हती, असे चौकशीत आढळले. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयास जबाबदार धरले; बालकास साडेबारा लाख आणि आईबापांच्या मनस्तापाबद्दल त्यांस निराळे पाच लाख रुपये, ही भरपाई कायम केली. सेवकाच्या हातून सेवेच्या कामी घडलेल्या प्रमादाचे ओझे स्वामीच्याही शिरावर असते, हे तत्त्व यात आहे. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे त्याच न्यायालयाने १९९५ सालीच ठरविले होते.

हे झाले भरपाईचे. फौजदारी बाजू याहून कठोर आहे, आणि तीत नुकताच झालेला एक बदल पुष्कळांच्या ध्यानात आलेला दिसत नाही. जुन्या दंडसंहितेच्या ३०४-अ कलमाखाली निष्काळजीपणाने मृत्यू घडविणाऱ्यास, मग तो कोणीही असो, जास्तीत जास्त २ वर्षांची कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या १०६ व्या कलमात ही मर्यादा ५ वर्षांवर नेली आहे. केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना असे घडल्यास ती २ वर्षेच ठेविली आहे. हा 'वैद्यकीय व्यावसायिक' म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यक नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर, असा खुलासाही तेथेच आहे. परिचारिकेचे नाव त्या नोंदवहीत नसते. तात्पर्य, एकाच खोलीत, एकाच रुग्णाच्या बाबतीत, एकाच प्रकारची चूक झाली, तरी आज्ञा देणाऱ्यास शिक्षेची सीमा २ वर्षे व आज्ञा पाळणारीस ५ वर्षे! डॉक्टरांस दिलेली सवलत अनुचित आहे असे आमचे म्हणणे नाही; ती परिचारिकेस का नाही, एवढेच आमचे विचारणे आहे.

या विचारण्यास कारण आहे. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशुकक्षास आग लागून १० बालके दगावली; पुढे दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदविण्यात आला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला व ११ रुग्ण मरण पावले. तेव्हा एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांस अटक झाली. या प्रकरणांचा न्यायनिवाडा करणे हे आमचे काम नव्हे. कक्ष सोडून जाणे हा अपराध असेल तर तो अपराधच. परंतु विजेच्या तारा, आग विझविण्याची साधने आणि रात्रपाळीस किती माणसे असावीत याचा निर्णय, या गोष्टी परिचारिकेच्या हाती नसतात. ज्याच्या हाती जेवढी सत्ता, तेवढे त्याचे उत्तरदायित्व, हा न्याय पायरीच्या तळाशी आल्यावरच आठवावा काय?

आता आपल्या घराकडे वळू. पुणे सेवासदनाची स्थापना १९०९ सालची. परिचर्या हे हलके काम, अशी समजूत घरोघर असताना रमाबाई रानडे यांच्या या संस्थेने आपल्या भगिनींस ससून रुग्णालयात शुश्रूषेचे रीतसर शिक्षण घेण्यास पाठविले. शुश्रूषा ही शिकण्याची विद्या आहे, हे त्यांनी ओळखले होते. आज आपण त्या विद्येचे नाव तेवढे वापरतो. ए. एन. एम., जी. एन. एम. किंवा बी. एस्सी. असे शिक्षण घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे जिची नोंद झालेली असते, ती परिचारिका. आमच्या शेजारची मुलगी बारावीपर्यंत शिकलेली होती, धरणाकडच्या एका खेड्यातून आलेली. स्नान घालणे, भरविणे, कूस बदलून देणे ही कामे ती मायेने करी. तिच्या हाती सुई दिली ती आपण, आणि तिला 'सिस्टर' केले तेही आपणच.

म्हणून गृहस्थांस आमचे सांगणे असे. घरी येणाऱ्या व्यक्तीची नोंदणी आहे की नाही, हे पहिल्याच दिवशी ब्यूरोस विचारावे आणि नोंदणीचा कागद पाहावा. नोंदणी नसेल, तर इंजेक्शन, सलाईन, नळीवाटे आहार ही कामे तिच्यावर टाकू नयेत. औषध बदलले की नवे काय व जुन्यातले काय बंद, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. फोनवरून मिळालेली सूचना वहीत उतरवून ती पुन्हा वाचून दाखवावी. आणि 'मला हे येत नाही' असे जी मुलगी म्हणेल, तिच्यावर रागावू नये. ते वाक्य म्हणजे दक्षता होय. त्याचा आदर न करणाऱ्या घरी ती पुढच्या वेळी गप्प बसेल.

त्या मुलीस दुसऱ्याच दिवशी काढून टाकण्यात आले. ब्यूरोने नवी मुलगी पाठविली. तीही पहिल्या तासापासून 'सिस्टर' झाली. आठ दिवसांनी आम्ही आजींच्या समाचारास गेलो, तेव्हा कपाटात नव्या कुपीशेजारी लाल टोपणाच्या सिरिंजा जशाच्या तशा होत्या. आम्ही चिरंजीवांस बोलावून त्या दाखविल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्या उचलून बाजूस काढल्या आणि पहिल्या मुलीच्या गावचा पत्ता आमच्याकडे आहे काय, असे हलक्या आवाजात विचारले.