विद्यापीठ कोठे असते?

"सर, फिजिक्स शिकायचं तर मुंबई विद्यापीठ चांगलं की पुण्याचं?" बारावीतल्या एका विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही तिघे शिक्षक-खोलीत चहा पीत होतो. आमचे गाव घाटाच्या पायथ्याशी, दोन्ही शहरांना सारखेच जवळ किंवा सारखेच लांब. त्यामुळे प्रश्न नवा नव्हता. उत्तरे मात्र तीन आली. एकाने मुंबईचे जुनेपण सांगितले, दुसऱ्याने पुण्याचे हिरवेगार आवार, तिसऱ्याने वर्तमानपत्रातली क्रमवारी. गंमत अशी की दोन्ही ठिकाणे नीट पाहिलेला आमच्यात एकही नव्हता. पावसाळा संपल्यावर एक दिवस मुंबईला आणि एक दिवस पुण्याला घालवायचे ठरले.

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदान ओलांडू लागलो की राजाबाई टॉवर समोर येतो. उंची सुमारे ८५ मीटर. कुर्ल्याच्या पिवळट दगडात बांधलेला हा मनोरा १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि आईचे नाव मनोऱ्याला लाभले. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. त्यांनी तो लंडनमध्ये बसून काढला, मुंबई कधी पाहिलीच नाही. खाली ग्रंथालय, शेजारी दीक्षान्त सभागृह. पाहणाऱ्याची मान आपोआप वर जाते. पण भौतिकशास्त्राचा वर्ग शोधू गेलो तर तो तेथे नाही. त्यासाठी सांताक्रूझ पूर्वेला कालिन्याच्या विद्यानगरीत जावे लागते. तेथे दोनशेहून अधिक एकरांत विभागांच्या इमारती विखुरल्या आहेत. त्या कामापुरत्या, सिमेंटच्या. पोस्टाच्या तिकिटावर छापाव्या अशा नव्हेत.

पुण्यात गणेशखिंडीचे चारशेहून अधिक एकरांचे आवार फिरताना दिवस पुरला नाही. मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नराचे पावसाळी निवासस्थान. २२ जून १८९७च्या रात्री येथलाच हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली होती. १९४९ साली विद्यापीठ स्थापन झाले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि गव्हर्नराच्या वाड्यात कुलगुरूंचे कार्यालय आले. २०१४ पासून विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे.

आमचा निम्मा दिवस मात्र 'आयुका'त गेला. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली उभारलेल्या या संस्थेत फूकोचा लंबक टांगलेला आहे. लंबकाच्या आंदोलनाची पातळी हळूहळू फिरताना दिसते, कारण खालची पृथ्वी फिरते आहे. ध्रुवावर हा फेरा एका दिवसात पुरा होईल, विषुववृत्तावर कधीच होणार नाही. मधल्या ठिकाणी चोवीस तासांना अक्षांशाच्या साइनने भागावे. पुण्याला उत्तर येते सुमारे ७५ तास. तोच लंबक कालिन्याला टांगला तर अक्षांश अर्ध्या अंशाने वाढल्यामुळे साधारण दोन तास कमी लागतील. दोन विद्यापीठांतला एवढा एकच फरक आम्हाला निःशंकपणे आकड्यात सांगता येतो.

परतीच्या गाडीत तुलना सुरू झाली आणि लगेचच अडली. पुण्याच्या बाजूला आम्ही जे जे मांडत होतो, त्यातले बरेचसे विद्यापीठाचे नव्हतेच. 'आयुका' विद्यापीठ अनुदान आयोगाची, सर्व विद्यापीठांसाठीची संस्था. मुंबईच्या विद्यार्थ्यालाही तिचे दार तितकेच उघडे आहे. शेजारचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे मुख्यालय कुलाब्याला! राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आणि 'सी-डॅक' यांचेही तेच. पत्ता विद्यापीठाच्या आवाराचा, कारभार स्वतंत्र.

मुंबईत उलटा प्रकार आढळला. विद्यापीठाने १९३३ साली सुरू केलेला रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग माटुंग्याला नावारूपास आला आणि २००८ साली अभिमत विद्यापीठ होऊन वेगळा झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि विज्ञान संस्था २०१९ साली डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेल्या. पुण्याचे जुने अभियांत्रिकी महाविद्यालयही २०२२ साली स्वतंत्र विद्यापीठ झाले. म्हणजे आवारात दिसते ते विद्यापीठाचे असेलच असे नाही आणि विद्यापीठाने वाढवलेले त्याच्याजवळ राहीलच असेही नाही.

मग विद्यापीठ असते तरी कोठे? उत्तर इतिहासात सापडते. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या त्या काळच्या नमुन्यावर. शिकवणार महाविद्यालये, विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवणार, परीक्षा घेणार आणि पदवी देणार. न्यायमूर्ती रानडे १८६२ साली मुंबईच्या पहिल्या पदवीधरांत होते. दीक्षान्त सभागृह पुरे झाले १८७४ साली. पदव्या आधी निघाल्या, इमारत नंतर आली! स्वतः शिकवणारे विभाग तर विसाव्या शतकातले. समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली १९१९ साली सुरू झाला. पुण्याची महाविद्यालये १९४९ पर्यंत मुंबईलाच जोडलेली होती. गोव्यातली महाविद्यालयेही १९८५ साली गोवा विद्यापीठ होईपर्यंत मुंबईच्या पदव्या देत.

ही घडण अजून बदललेली नाही. मुंबईचा पसारा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, पुण्याचा पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांत. महाविद्यालये शेकड्यांनी, विद्यार्थी लाखांनी. सावंतवाडीचा विद्यार्थी राजाबाई टॉवर न पाहता मुंबईचा पदवीधर होतो, मालेगावचा गणेशखिंड न पाहता पुण्याचा. आवाराचे एकर विद्यार्थिसंख्येने भागून तुलना करू म्हटले तर छेदात कोणती संख्या घालायची? आवारात शिकणाऱ्यांची घातली तर दोन्ही विद्यापीठे ऐसपैस दिसतात. सगळ्यांची घातली तर प्रत्येकाच्या वाट्याला खाटेपुरतीही जागा येते की नाही अशी शंका. अंश तोच, छेद बदलला की निकाल बदलतो. वर्गात गुणोत्तर शिकवताना आम्ही हे उदाहरण आता वापरतो.

अशा विद्यापीठाचे अवघड काम कोणते, याचाही हिशोब करून पाहावा. समजा, एक लाख विद्यार्थी परीक्षेला बसले आणि प्रत्येकाच्या पाच उत्तरपत्रिका. झाल्या पाच लाख. एक परीक्षक दिवसाला चाळीस तपासतो असे धरले तर साडेबारा हजार दिवसांचे काम. निकाल तीस दिवसांत हवा असेल तर चारशेहून अधिक परीक्षक रोज, सुटी न घेता, तपासायला बसले पाहिजेत. आणि तेही आपापले वर्ग सांभाळून. मुंबईत २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम लागू केली गेली आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. तेव्हा बातम्यांत दोष संगणकाला मिळाला. आमच्या मते हा आकडाच मुळात कोणत्याही यंत्रणेचा घाम काढणारा आहे.

विद्यार्थिनीला काय सांगायचे? आधी आम्ही तिला विचारले, शिकायचे काय, बी.एस्सी. की एम.एस्सी.? पदवीची तीन-चार वर्षे ती कालिन्याला किंवा गणेशखिंडीला नव्हे, एखाद्या महाविद्यालयात काढणार. तेथला भौतिकशास्त्राचा विभाग हेच तिचे विद्यापीठ. तेथे कायम नेमणुकीचे अध्यापक किती, तासिका तत्त्वावरचे किती, प्रयोगाच्या एका तुकडीत मुले किती, हे तिने विचारावे. एम.एस्सी.च्या वेळी आवार खरोखर महत्त्वाचे ठरते, तेव्हा दोन्ही पुन्हा पाहावीत. रिकाम्या पदांची तक्रार दोन्हीकडे कित्येक वर्षे ऐकू येते, म्हणून यादीतली नावे न मोजता वर्गात उभे राहणारे मोजावेत. मुंबईत मूलभूत विज्ञानाचे केंद्र २००७ पासून कालिन्याच्या आवारातच आहे, टाटा संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र शहरात. पुण्यात 'आयुका', राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि 'आयसर'. शेजार दोन्हीकडे तोलामोलाचा. त्या शेजाऱ्यांकडे जायची सवय विभागाला आहे की नाही, हे तिथल्या मुलांशी बोलल्यावरच कळते.

मुलगी शहाणी. बारावीची परीक्षा झाल्यावर ती वडिलांना घेऊन दोन महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा पाहून आली, एक मुंबईच्या कक्षेतले, एक पुण्याच्या. एकीकडे नवाकोरा स्पेक्ट्रोमीटर काचेच्या कपाटात कुलूपबंद होता. दुसरीकडचा जुना, रंग उडालेला, आणि त्याचे स्क्रू मुलांच्या बोटांनी गुळगुळीत झालेले. जूनमध्ये तिने दुसरीकडे अर्ज भरला. ते कोणत्या विद्यापीठाचे, हे विचारायचे आमच्याकडून राहूनच गेले.