वजन उतरविणे कोठे थांबवावे?

इंद्रायणीकाठचे चिखली हे गाव वारकरी परंपरेत ‘टाळगाव चिखली’ या नावाने परिचित आहे. एका बाजूस देहू व दुसऱ्या बाजूस आळंदी अशा पुण्यभूमीत वसलेले हे शेतकऱ्यांचे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. भोसरी, तळवडे आणि चाकण येथील कारखान्यांत काम करणारी हजारो कुटुंबे आज या परिसरात राहतात. ज्यांच्या आजोबांनी नांगर धरला, ती पिढी आता कंपनीच्या बसने कामावर जाते, यंत्रापुढे किंवा संगणकापुढे आठ तास घालविते आणि पाळी बदलली की जेवणाची वेळही बदलते. अंगमेहनत घटली, आहार मात्र घटला नाही. परिणामी वाढलेले वजन, मधुमेह आणि रक्तदाब या तक्रारी तिशीपस्तिशीतच दिसू लागल्या आहेत.

याची जाणीव आता लोकांना झाली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पहाटे फिरणारी मंडळी वाढली आहेत आणि व्यायामशाळाही गजबजू लागल्या आहेत. वजन कसे उतरवावे याबद्दल सल्ले देणाऱ्यांची वाण नाही. परंतु उतरविणे कोठे थांबवावे आणि उतरलेले वजन कसे टिकवावे, या प्रश्नाचा विचार क्वचितच केला जातो. वास्तविक निम्मे यश या निर्णयावरच अवलंबून असते. वेळीच न थांबणारा मनुष्य अशक्त होतो आणि अविचाराने थांबणारा थोड्याच महिन्यांत पूर्वपदावर येतो.

वजनकाटा सर्व सांगत नाही

उंचीच्या मानाने वजन किती असावे, हे ठरविण्यासाठी शरीर-वस्तुमान निर्देशांक वापरतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. भारतीय प्रौढांसाठी १८.५ ते २२.९ ही मर्यादा योग्य मानली जाते. २५ च्या पुढे स्थूलता समजतात. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन या हिशेबाने सुमारे ५० ते ६२ किलो असावे.

मात्र हा आकडा अपुरा आहे, हे पुण्यातील संशोधनानेच दाखवून दिले. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले असता डॉ. युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के आढळले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली ही तुलना प्रसिद्ध झाली. दिसण्यास सडपातळ, पण आतून चरबीयुक्त, अशी अनेक भारतीयांची देहयष्टी असते. म्हणून कमरेचा घेरही पाहिला पाहिजे. पुरुषांत तो ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, टेप न आवळता हे माप घ्यावे.

पहिला मुक्काम

सर्व जादा वजन एका दमात उतरविण्याची गरज नसते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींना वजन ७ टक्क्यांनी घटविण्याचे व आठवड्यास १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट दिले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९८ मध्येच असा सल्ला दिला होता, की सुमारे सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरवावे, नंतर ते टिकवावे आणि पुढचा विचार त्यानंतर करावा.

समजा, १६५ सेंटिमीटर उंचीच्या एखाद्या कामगाराचे वजन ७८ किलो आहे. त्याने ६२ चा ध्यास घेण्याऐवजी प्रथम ७० वर थांबावे. देहूहून निघालेली पालखी आकुर्डीस मुक्काम करते, म्हणून वारी खंडित होत नाही. मुक्काम हा वाटचालीचाच भाग असतो. काही महिने ७० किलो वजन स्थिर राहिले, साखर व रक्तदाब आटोक्यात आले, की पुढे जावयाचे की तेथेच राहावयाचे, हे वैद्यकीय सल्ल्याने ठरविता येते.

थांबण्याच्या खुणा

वजन व कंबर योग्य मर्यादेत आली, तपासणीचे आकडे सुधारले आणि जिना चढताना किंवा पाळीभर उभे राहताना दम टिकू लागला, की थांबण्याची वेळ आली असे समजावे. याउलट सतत थंडी वाजणे, चिडचिड, केस गळणे, स्त्रियांची मासिक पाळी अनियमित होणे, हातापायांतील बळ कमी होणे आणि मनात अखंड अन्नाचाच विचार घोळणे या धोक्याच्या सूचना होत. अशा वेळी काट्यावरचा आकडा काहीही असो, आहार वाढविला पाहिजे व डॉक्टरांना भेटले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा येथे ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले होते. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले आणि वरील बहुतेक लक्षणे त्यांच्यात दिसून आली. भरपूर अन्न मिळू लागल्यावर त्यांच्या अंगावर प्रथम चरबी चढली. स्नायू मात्र सावकाश भरून आले. अतिरेकी उपासानंतर शरीर असा सूड उगविते.

आणखी एक बाब फार महत्त्वाची आहे. प्रयत्न थांबविल्यानंतरही, किंवा प्रयत्न न करताच, वजन घटत राहिले तर त्यास यश मानू नये. क्षयरोग, अनियंत्रित मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार त्यामागे असू शकतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी विनाविलंब करून घ्यावी. तसेच मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी वजन उतरल्यावर औषधाची मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावी. जुनीच मात्रा चालू राहिली तर साखर एकाएकी उतरून यंत्रावर असताना भोवळ येण्याचा धोका संभवतो.

टिकविण्याची रीत

वजन टिकविणे अवघड का जाते? शरीर हलके झाले, की त्यास लागणारी ऊर्जाही कमी होते आणि भूक मात्र वाढते. एका दूरचित्रवाणी स्पर्धेत झपाट्याने वजन उतरविलेल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करीत असल्याचे २०१६ साली निदर्शनास आले. ‘वजन उतरले, आता पूर्वीसारखे जेवू’ हा हिशेब त्यामुळेच चुकतो.

यासाठी आहार क्रमाक्रमाने वाढवावा. पहिल्या आठवड्यात दिवसाला एक भाकरी किंवा एक चपाती वाढवावी. दोन आठवडे वजन पाहावे. ते घटतच असेल, तर आणखी थोडी भर घालावी. आरंभी एखादा किलो वाढला तरी घाबरू नये. ते बहुधा शरीरात पुन्हा साठलेले पाणी असते. डाळ, उसळ, दूध, अंडी यांचे प्रमाण कायम ठेवावे. बळ वाढविणारा व्यायाम आठवड्यातून दोनदा करावा, म्हणजे स्नायू शाबूत राहतात.

वजन उतरवून ते टिकविणाऱ्या व्यक्तींची नोंद अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जात आहे. त्यांपैकी बहुसंख्य लोक रोज सुमारे तासभर चालणे किंवा अन्य व्यायाम करतात व आठवड्यातून निदान एकदा वजन पाहतात. आपणही एक वार निश्चित करावा. रात्रपाळी असणाऱ्यांनी झोपून उठल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करावे. ठरविलेल्या आकड्यापेक्षा दोन किलो वाढ दिसली, की लगेच आहाराकडे लक्ष द्यावे. दोन किलो उतरविणे सोपे असते, वीस किलो उतरविणे कठीण.

तीस वर्षांवरील नागरिकांच्या रक्तदाब व मधुमेह तपासणीची सोय शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य उपलब्ध आहे. तिचा लाभ वजन उतरविताना तर घ्यावाच, पण थांबताना अवश्य घ्यावा. कुटुंबातील गृहिणीला या निर्णयात सहभागी करून घेणेही आवश्यक आहे, कारण घरातील ताट एकट्यापुरते बदलत नाही. किती किलो उतरविले, हे चार लोकांत सांगताना आनंद होतो. पण वर्षानंतर काट्यावर तोच आकडा दिसणे आणि त्याच उत्साहाने कामावर जाता येणे, हेच त्या श्रमाचे खरे फळ होय.