मोटरआधी सायकल मोजावी

सायकलला मोटर बसवणे हे वरवर पाहता मोटर निवडण्याचे काम वाटते. प्रत्यक्षात ते सायकल मोजण्याचे काम आहे, कारण बाजारात मिळणारे बहुतेक मोटरसंच ज्या सायकलीसाठी आखलेले असतात ती सायकल आणि मराठवाड्यातल्या भूम, वाशी, कळंबच्या वाड्यावस्त्यांवर दुधाच्या किटल्या नि चाऱ्याचे भारे वाहणारी दांड्याची काळी सायकल, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. संच चांगला आणि सायकलही मजबूत असूनही जोडणी फसते ती याच तफावतीमुळे.

पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२मध्ये बाजारात आणलेली लुना ही पायडल असलेली ५० सीसीची मोपेड याच प्रश्नाचे एक उत्तर होती. तिच्यात इंजिन आधी ठरले होते आणि सांगाडा त्याच्याभोवती उभारला गेला होता, त्यामुळे काहीही बळेच बसवण्याची वेळ आली नाही. तयार सायकलीला मोटर जोडणाऱ्याला मात्र उलट दिशेने जावे लागते. फ्रान्समध्ये १९४६च्या सुमारास आलेल्या वेलोसोलेक्सने ही अडचण चतुराईने टाळली होती: पुढच्या चाकावर बसवलेले छोटे इंजिन एका रुळाने थेट टायरच घासून फिरवीत असे, म्हणून मापे जुळवण्याचा प्रश्न फारसा उरत नसे, परंतु ओल्या टायरवर रूळ घसरत असे, आणि पावसाळ्यातल्या काळ्या मातीच्या चिखलात त्याची काय गत झाली असती ते मराठवाड्यातल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

आज प्रचलित असलेली पद्धत हब मोटरची, म्हणजे चाकाच्या मध्यभागी, जेथे तारा येऊन मिळतात त्या तुंब्यातच मोटर बसवण्याची आहे. तिची पहिली अडचण रुंदीची. मागच्या चिमट्याच्या दोन्ही पात्यांमधले अंतर जुन्या एकगती सायकलीत साधारण ११० ते १२० मिमी असते, तर मागे बसणाऱ्या हब मोटरीला बहुधा १३५ मिमी लागते. सांगाडा पोलादी असेल तर तो न तापवता, थंड स्थितीतच, हळूहळू फाकवता येतो. मात्र दोन्ही बाजू सारख्या फाकल्या पाहिजेत, अन्यथा चाक एका अंगाला जाते. ते तपासण्याची रीत सोपी आहे: हँडलखालच्या नळीवरून दोरा घेऊन तो मागच्या दोन्ही पात्यांना ताणून बांधावा आणि सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर मोजावे, ते सारखे भरले तर सांगाडा सरळ आहे. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर हा प्रयोग करू नये, कारण तो धातू वाकण्यापेक्षा तडकणे पसंत करतो.

दुसरी अडचण चाकाच्या मापाची असून सर्वाधिक पैसे तिच्यातच वाया जातात. काळ्या सायकलीच्या चाकाला सगळे ‘अठ्ठावीस इंची’ म्हणतात, परंतु त्या नावाची दोन चाके आहेत: दांड्याच्या सायकलीच्या २८ × १½ मापाच्या रिमवर टायर जेथे बसतो तो व्यास ६३५ मिमी असतो, तर हल्लीच्या ७००सी नावाच्या रिमचा तोच व्यास ६२२ मिमी. फरक अवघा १३ मिमीचा, तरीही एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. तयार विणलेले मोटरचाक पुष्कळदा २६ इंची येते. ते बसवले तर सळईच्या ब्रेकचे रबर रिमपर्यंत पोहोचतच नाही आणि सायकल मागून खाली बसते. म्हणून सुटी मोटर घेऊन जुन्याच मापाच्या रिमवर ती विणून घेणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. तेथेही एक खोच आहे. पारंपरिक सायकलीच्या पुढच्या रिमला ३२ आणि मागच्या रिमला ४० भोके असतात, तर मोटरीच्या तुंब्याला बहुधा ३६. त्यामुळे जुनी रिम चालत नाही, ६३५ मिमीचीच पण ३६ भोकांची रिम शोधावी लागते.

पेट्रोलच्या संचाला हीच भोके वेगळ्या रीतीने आडवी येतात. त्याचे दातेरी चक्र नऊ बोल्टांनी तारांमध्ये आवळलेले असते आणि बोल्टांची ती मांडणी ३६ तारांच्या चाकासाठी असते. ४० तारांत ती समकेंद्री बसत नाही, चक्र लंगडते आणि साखळी उतरते. त्यात कायद्याचीही भर आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील मोटार वाहनाच्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांचे वाहन इंजिन २५ सीसीपर्यंत असेल तरच वगळले जाते आणि हे संच सहसा त्याहून मोठे असतात. विजेच्या सायकलीसाठी नियमांतील सवलत इतर अटींसह २५० वॅटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी २५ किमीपेक्षा कमी वेग या मर्यादांत आहे. या परिस्थितीत पेट्रोलच्या संचाची शिफारस करणे कठीण आहे.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे फिरवते तेवढ्याच जोराने तिचा आस, म्हणजे मधली दांडी, मागे फिरू पाहतो. हा आस सामान्यतः दोन बाजूंनी १० मिमीपर्यंत चपटा केलेला असतो आणि तो चिमट्याच्या खाचेत अडकून राहतो. चढावर निघताना सुमारे ४० न्यूटन-मीटरचा पीळ पडला, तर इतक्या लहान आधारावर प्रत्येक बाजूच्या खाचेच्या कडेवर दीडशे किलोहून अधिक वजनाइतका दाब येतो. खाच रुंदावली की आस गरगरतो, मोटरीची वायर पिळून तुटते आणि पुढचे चाक असेल तर ते निखळते. यासाठी टॉर्क आर्म, म्हणजे आसाच्या चपट्या भागावर घट्ट बसणारी व दुसऱ्या टोकाने चिमट्याला बांधलेली पोलादी पट्टी, लावावी लागते; शे-दोनशे रुपये वाचवण्यासाठी ती गाळणे हा निव्वळ अविचार होय.

या पट्टीचे महत्त्व सोलापूरकडून तुळजापूरला वर येणाऱ्या घाटासारख्या रस्त्यावर कळते. स्वार, सायकल आणि वीस-वीस लिटरच्या दोन किटल्या मिळून १३० किलो धरले, तर शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १२ किमी वेगाने जाण्यास केवळ चढासाठीच दोनशेहून अधिक वॅट लागतात. अशा वेळी पायडल मारणे ऐच्छिक राहत नाही. उतरताना तेच वजन सळईच्या ब्रेकवर येते. म्हणून ब्रेकचे रबर नव्या रिमला पूर्ण टेकते की नाही हे पाहिल्याशिवाय बॅटरीची तार जोडू नये. मडगार्ड आणि टायर यांत बोटभर जागाही ठेवावी, नाहीतर पहिल्या पावसानंतरच्या शेतरस्त्यावर माती तेथे थापली जाऊन मोटर सायकलीऐवजी चिखलाशीच झुंजत राहते.

खरेदीला निघण्यापूर्वी पात्यांमधले अंतर, खाचेची रुंदी, रिमवर छापलेले माप आणि तारांची संख्या एका कागदावर लिहून घ्यावी. जोडणीनंतर पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरला नट पुन्हा आवळावेत आणि चाकाचा आऊट पुन्हा काढून घ्यावा, कारण नव्याने विणलेल्या तारा तेवढ्या अंतरात सैल पडतात.