कोंबडीचे खाद्य, औषध आणि कायदा

कोलिस्टिन : इतर औषधे चालेनाशी झाली की माणसांसाठी वापरायचे राखीव प्रतिजैविक. तेच कोंबड्यांचे वजन वाढावे म्हणून खाद्यातही पडत असे. १९ जुलै २०१९ च्या अधिसूचनेने कुक्कुटपालन, मत्स्यशेती, अन्नासाठी पाळलेली जनावरे आणि पशुखाद्य यांसाठी त्याचे उत्पादन, विक्री, वितरण बंद. आधार : औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०, कलम २६ अ. कायदा केंद्राचा, शेड शिवऱ्यात (ता. भोर) असो की पंजाबात, नियम एकच.

थांबण्याचा काळ : शेवटच्या डोसनंतर दूध, अंडी वा मांस विकण्याआधी सोडायचे दिवस. औषधाच्या लेबलवर ते छापणे २०१२ पासून सक्तीचे. त्या औषधासाठी वेगळा काळ ठरलेला नसेल तर किमान : दूध-अंडी ७ दिवस, मांस २८ दिवस. (ब्रॉयलर साधारण ३५ ते ४२ दिवसांत विक्रीला जातो. हिशेब ज्याने त्याने करावा.)

प्रतिजैविकांचे तीन वापर : आजारी पक्ष्यावर उपचार, रोग येऊ नये म्हणून सरसकट डोस, वजनवाढ. तिसऱ्यावर स्वीडनची बंदी १९८६ ची, युरोपीय संघाची १ जानेवारी २००६ पासून. दुसऱ्याची नित्याची सवय संघाने २८ जानेवारी २०२२ पासून मोडीत काढली.