दुर्बिणीची तपासणी आणि तिची आदली रात्र



या व्यासपीठावरून आजवर गीतेवर, नाटकांवर, उसाच्या दरावर आणि आकाशातल्या ताऱ्यांवर व्याख्याने झाली. आम्ही बोलणार आहोत ते संडासाविषयी. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो सांगितला, आणि ते जरा वेळ गप्पच बसले. मग म्हणाले, "पत्रिकेवर नुसते 'आरोग्यविषयक' असे छापू." छापले तसेच. चिटणीसांना जो संकोच वाटला तोच आजच्या विषयाचा अर्धा भाग असल्यामुळे तो प्रथम सांगून टाकला; त्यांनी राग मानू नये.

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण मागाच्या शेडमध्ये आणि नगरवाचनालयात झाले. तीस वर्षे यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचे काम करीत आहोत. औषधपाणी डॉक्टरांनीच सांगावयाचे. आम्ही सांगणार ते रोग्याच्या खाटेवरून दिसलेले, आणि मागाहून पुस्तके चाळून ताडून पाहिलेले.

आमचा एक सोबती होता, जॉबर. माग बिघडला की आवाजावरून दोष ओळखणारा. मालकापुढे वाटाघाटीला बसला की आम्ही जे चार वाक्यांत बोलू ते हा एका वाक्यात बोले. शौचावाटे रक्त पडू लागले ते त्याने मूळव्याध म्हणून सोडून दिले. भिंतीवरच्या जाहिराती वाचून चूर्ण आणले. दोन वर्षे अशी गेली. वजन उतरले, जिना चढताना धाप लागू लागली, तरी बायकोला सांगितले नाही. अखेर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तपासणी झाली तेव्हा आतड्यातला रोग यकृतापर्यंत पोचला होता. चौदा महिन्यांनी तो गेला. पगारवाढीसाठी गावभर घोषणा देणारा माणूस या एका गोष्टीपुरता मुका झाला. आणि आम्ही? कचेरीत चहाच्या वेळी तो दोन-दोनदा उठून जातो हे आम्हांला दिसत होते. आम्ही विचारले नाही. विचारणे बरे दिसत नाही असे वाटले.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. मोठे आतडे म्हणजे साधारण पाच फूट लांबीची नळी. तिच्या आतल्या अस्तरावर वय वाढेल तसे काहींना बारीक मांसाचे कोंब येतात. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक कोंब जन्मभर निरुपद्रवी राहतात. काही थोडे मात्र हळूहळू बिघडत जाऊन त्यांचा कर्करोग होतो, आणि या बिघडण्याला बहुधा दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. ही दिरंगाई आपल्या फायद्याची आहे. कोंब असतानाच तो खुडून काढला तर पुढचा रोग तिथेच टळतो. क्ष-किरणाचे चित्र रोग नुसता दाखविते. कोलोनोस्कोपीत दाखविणे आणि काढणे बहुधा एकाच वेळी उरकते, हा तिचा मोठा गुण.

या दुर्बिणीची हकीकत आपल्यासारख्या सूतवाल्या गावाला विशेष आवडावी. पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे शिक्षक हॉपकिन्स यांनी लंडनमध्ये 1954 साली काचेच्या बारीक धाग्यांच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखविले. जुडी वाकविली तरी उजेड धाग्याधाग्यांतून वळत जातो. अट एकच: अलीकडच्या टोकाला धागा ज्या जागी, पलीकडच्या टोकालाही त्याच जागी पाहिजे. वहिफणीत उभे धागे ओवताना क्रम चुकला तर नक्षीचे काय होते हे इथे कोणाला सांगावयास नको. चित्राचेही तेच होते. पुढे अशाच लवचिक दुर्बिणीने न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या डॉक्टरांनी 1969 साली पोट न फाडता मोठ्या आतड्यातले कोंब तारेच्या फासाने काढून दाखविले. आजच्या नळीच्या टोकाला धाग्यांऐवजी इवलासा कॅमेरा असतो, आणि चित्र पडद्यावर उमटते. नळीची जाडी म्हणाल तर आपल्या बोटाएवढी.

ही तपासणी कोणी करून घ्यावी? अमेरिकेत 45 वर्षांनंतर सर्वांनीच आतड्याची कोणती तरी तपासणी करावी असे सांगतात. ब्रिटनमध्ये पन्नाशीनंतर शौचाच्या चाचणीची पेटी टपालाने घरी येते आणि तीत रक्ताचा अंश सापडला तर दुर्बीण. आपल्याकडे या रोगाचे प्रमाण पाश्चात्यांपेक्षा कमी आहे आणि आतड्यासाठी सरसकट अशी सरकारी मोहीम नाही. म्हणून उद्या सकाळी सर्वांनी रांग लावावी असे आमचे म्हणणे नव्हे. पण शौचावाटे रक्त, काही आठवडे टिकलेला शौचाच्या सवयीतला फरक, कारणावाचून उतरलेले वजन किंवा रक्त कमी झालेले, यांपैकी काही असेल तर मूळव्याधीवर खापर फोडून बसू नये. आणि आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कोणाला हा रोग झाला असेल तर चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांतले जे अगोदर येईल तेव्हा डॉक्टरांकडे जावे, तक्रार असो वा नसो.

आम्ही गेलो ते सोबत्याच्या वर्षश्राद्धानंतर, आमच्या चोपन्नाव्या वर्षी. लोक दुर्बिणीला भितात. आमचा अनुभव असा की दुर्बीण सोपी, आदली रात्र अवघड. आणि सगळी मदार त्या रात्रीवरच. आतडे धुतलेल्या ताटासारखे स्वच्छ नसेल तर कोंब मळाखाली दडून राहतो, किंवा डॉक्टर अर्ध्यातून परत पाठवितात आणि सारे पुन्हा करावे लागते. डॉक्टर कितीही निष्णात असो, हे काम त्यांना करता येत नाही. ते रोग्यानेच करावयाचे.

सुरुवात दोन-तीन दिवस आधी होते. एरवी चांगले म्हणून जे जे सांगतात ते सर्व बंद: पालेभाजी, भाकरी, उसळी, काकडी, टोमॅटो, पेरू, अंजीर, तीळ. बिया आणि साली आतड्यात चिकटून राहतात. मऊ भात, ताक, साल काढलेला बटाटा, रव्याची खीर चालते. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, जन्मभर भाजी खा म्हणून मी ओरडले, आता डॉक्टरच नको म्हणतात!" लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करतात, कारण त्यांनी मळ काळा व चिकट होतो. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या आणि मधुमेहाची औषधे यांचे मात्र स्वतः ठरवू नये. तारीख घेतानाच डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंड किंवा हृदय अधू असेल तर तेही आधीच सांगावे, कारण जुलाबाचे औषध त्याप्रमाणे बदलते.

आदल्या दिवशी नुसते पातळ आणि पारदर्शक: शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबूसरबत, वरणावरचे गाळलेले पाणी, कोरा चहा. दूध नाही. आणि लाल रंगाचे काही नाही. आमच्याकडे कोकम सरबत तयार होते, ते शेजाऱ्यांना द्यावे लागले; आत लाल दिसले की रक्त कोणते आणि कोकम कोणते हे कळत नाही.

मग ती पूड. सामान्यतः दोन लिटर पाण्यात कालवून अर्धी संध्याकाळी आणि अर्धी पहाटे घेतात. पहाटेचा भाग तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून निदान दोन तास आधी संपवावयाचा. नेमकी वेळ चिठ्ठीवर लिहिलेली असते. पुष्कळजण पहाटेची झोपमोड टाळण्यासाठी सगळे रात्रीच पितात. तसे करू नये. मधल्या तासांत वरून पाझर येऊन आतडे पुन्हा चिकट होते. चव खारट-गुळमट, पहिले दोन पेले बरे वाटतात, चौथ्याला मन उठते. थंड करून घ्यावे, नळीने घ्यावे, मध्ये लिंबाचा वास घ्यावा. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. मळमळले तर अर्धा तास थांबून पुन्हा. तासाभरात जुलाब सुरू होतात आणि मग संडासापासून दूर जाण्यात अर्थ नाही. चौथ्या-पाचव्या खेपेपासून जागा झोंबू लागते. आधीच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावून ठेवावे आणि पुसण्यापेक्षा पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावे. अखेरीस पिवळसर निवळ पाणी पडू लागले की काम झाले.

हे सारे छापील पत्रकात असते. पत्रकात नसते ते असे की, ज्याचे घर एका खोलीचे आणि संडास चाळीच्या टोकाला बारा बिऱ्हाडांत दोन, त्याने रात्रीत दहा-बारा खेपा कशा कराव्या? नळाला पाणी एक दिवसाआड येत असेल तर? आमच्या घरी संडास आहे म्हणून आम्ही सुटलो. आमच्या सोबत्याच्या घरी नव्हता. तो गेला नाही याचे कारण नुसता संकोच की हेही, याचा आम्हांला आजही उलगडा होत नाही. अशा माणसाने लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे. पुष्कळ ठिकाणी आदल्या संध्याकाळीच रुग्णालयात दाखल करून घेतात. नाहीतर नातेवाइकाचे घर पाहावे, आणि पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवावे. ज्याच्याकडे विमा कामगाराचे कार्ड आहे त्याने तेथील दवाखान्यातून चिठ्ठी घ्यावी. दोन दिवसांची रजाही धरून चालावे: एक तयारीचा, एक तपासणीचा. रजेच्या अर्जात काय लिहू, असे आम्हांला पुष्कळ विचारतात. पोटाची तपासणी, एवढे पुरते.

प्रत्यक्ष तपासणीत सांगण्यासारखे थोडे आहे. मागे बंद असलेला झगा, हाताला सुई, डाव्या कुशीवर निजणे. गुंगीचे औषध देतात. काही ठिकाणी गाढ झोपवितात. आम्ही अर्धवट जागे होतो. नळीतून वायू सोडून आतडे फुगवितात, तेव्हा वळणांवर कळ येते आणि वारा सुटतो. तो सोडावा, तेथल्या लोकांना त्याचे काही वाटत नाही. खरी पाहणी नळी परत काढताना सावकाश होते. पडद्यावर एक ओला गुलाबी बोगदा दिसत होता, आणि एका वळणावर वाटाण्याएवढा कोंब. तारेचा फास पडला, आवळला, कोंब सुटला. दुखले नाही, त्या अस्तराला कापल्याची वेदना नसते. अर्ध्या तासात सारे आटोपले.

धोका मुळीच नाही असे नव्हे. क्वचित, हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी वेळा, आतड्याला भोक पडते. कोंब काढल्यावर रक्तस्राव होऊ शकतो, कधी काही दिवसांनीही. पोट ताठ होऊन दुखू लागले, ताप आला, घेरी आली किंवा रक्त पुष्कळ पडले तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. घरचे माणूस बरोबर पाहिजेच. त्या दिवशी गाडी चालवू नये, कसल्याही कागदावर सही करू नये, आणि रात्रपाळीला तर जाऊच नये. गुंगी उतरली असे वाटते, पण हात मागाच्या पट्ट्यात जायला तेवढीच कसर पुरते.

आमच्या कोंबाचा अहवाल आठ दिवसांनी आला: कर्करोग नाही, पण पुढे बिघडणाऱ्या जातीचा. पाच वर्षांनी पुन्हा बोलाविले आहे. काहीच न सापडणाऱ्याला बहुधा दहा वर्षे फुरसत मिळते.

त्यानंतर जॉबरच्या धाकट्या भावाकडे गेलो. वय चव्वेचाळीस, म्हणजे नियमाने सहा वर्षांपूर्वीच त्याची पाळी येऊन गेली होती. तो ऐकेना. शेवटी म्हणाला, "अण्णा, जायला तयार हाय, पण चाळीत हे कसं करू?" तेव्हा आम्हांला युनियनची कचेरी आठवली. तिला स्वतंत्र संडास आहे आणि वर पाण्याची टाकी. रविवारी संध्याकाळी तो पूड आणि सतरंजी घेऊन आला. आम्ही आणि आणखी दोघे पत्ते खेळत बसलो. खेपा मोजण्याचे काम त्याने स्वतःच फळ्यावर रेघा मारून केले. रात्री बारापर्यंत नऊ झाल्या. साडेचारला उठवून दुसऱ्या लिटरचा पहिला पेला दिला तेव्हा त्याने आम्हांला जी शिवी दिली ती या व्यासपीठावर सांगता येत नाही.

त्याचे आतडे स्वच्छ निघाले. थोरल्याच्या दोन मुलांना आम्ही त्याच आठवड्यात बोलावून सर्व सांगितले. एक बावीस वर्षांचा, दुसरा एकोणीसचा. त्यांची पाळी अडतिसाव्या वर्षी. कोणते साल येते ते कचेरीच्या वहीत दोघांच्या नावापुढे लिहून ठेवले आहे.