एक पान, अनेक हात

संगणकाच्या तासाला मुलं गूगल डॉक्सवर गटाने अहवाल लिहितात. एकाच पानावर पाच-सहा जण टाइप करतात, तरी कुणाचा मजकूर कुणावर चढत नाही. हे कसं जमतं?

दर बदलाला अख्खं पान पाठवलं जात नाही. 'अमुक जागी हे अक्षर घाला', 'तमुक जागेचं खोडा' एवढीच सूचना सर्व्हरकडे जाते. समजा, सईने पहिल्या ओळीच्या सुरुवातीला ५ अक्षरं घातली आणि त्याच क्षणी कबीरने २०व्या जागेवरचं अक्षर खोडलं. रांगेत पुढे ५ जण शिरले की आपला नंबर तितकाच मागे सरकतो, तसंच इथे घडतं. कबीरची सूचना '२५व्या जागेवरचं खोडा' अशी बदलली जाते. हवं तेच अक्षर जातं आणि सगळ्यांच्या पडद्यावर सारखाच मजकूर दिसतो. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी १९८९ मध्ये या तंत्राचा पाया घातला.

प्रत्येकाचं खातं वेगळं असेल, तर कुणी काय लिहिलं याची नोंदही राहते. शिक्षकांनो, गुण देण्यापूर्वी ती जरूर पाहा. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलांचं काम तिथे स्पष्ट दिसतं.